मंगळवारचं पाणी

पाड्यावर बैठक असली की आता मी पुरुषांनाही बसवून घेते. बायका पुढे, पुरुष मागे कुडाला टेकून. बायकांचं सगळं सांगून झालं की मी मागे बघते आणि विचारते, "लघवीला कोणाला जळजळतं का? बसलं की दुखतं का, पुढच्या आणि मागच्या जागेच्या मधोमध?" लगेच एकाला आढ्यात काहीतरी दिसतं, दुसरा तंबाखू मळायला घेतो, तिसऱ्याला आठवतं की बैल सोडायचे राहिले. मला हसू येतं आणि रागही येतो. मग मी म्हणते, "हसा खुशाल, पण ऐकून ठेवा. माझ्या घरात झालंय हे." एवढ्यावर मागची रांग गप्प होते. घरात नक्की काय झालं, ते मी बैठकीत कधी पूर्ण सांगितलेलं नाही. ते इथे लिहिते.

मी आशा कार्यकर्ती. तलासरीजवळ, झरीच्या बाजूला आमचा पाडा. कोणत्या घरात कोणाचे दिवस गेलेत, कोणाची पाळी चुकली, कोणाच्या अंगावरून पांढरं जातं, हे मला त्यांच्या सासवांच्या आधी कळायचं. सरकारने दिलेल्या पिशवीत लोहाच्या गोळ्या, वही आणि चित्रांचा एक जाडजूड संच असायचा. एकेक पान उलटायचं आणि समजावायचं. त्या संचात बाईच्या शरीराची पानंच पानं होती. पुरुषासाठी दोन, एक नसबंदीचं आणि एक निरोधचं. पुरुषाला त्या जागी दुखूही शकतं, असं एकाही पानावर नव्हतं. त्यामुळे माझ्या डोक्यातही नव्हतं.

माझा नवरा पिकअप चालवायचा. गाडी मालकाची. डहाणूच्या वाड्यांमधून चिकूचे क्रेट भरायचे आणि चारोटीला नेऊन मोठ्या ट्रकमध्ये चढवायचे. ट्रक येईपर्यंत हायवेच्या कडेला स्टिअरिंगवरच बसून राहायचं, कारण गाडी सोडून गेलं की मागचा क्रेट हलका होतो. सकाळी सहाला बसलेला माणूस संध्याकाळीच सीटवरून उठायचा. स्वभावाने अबोल. मी दहा वाक्यं बोलले की त्याचं एक, तेही "हां" एवढंच. मी चिडायचे, तो हसायचा, आणि आमचं बरं चाललं होतं. एकुलती एक लेक आश्रमशाळेत होती. घरात आम्ही दोघं आणि माझी सासू.

२०१७ची दिवाळी झाली आणि त्याचं काहीतरी बिघडलं. आधी नुसतं सारखं बाहेर जाणं. गेला की बराच वेळ उभा, आणि परत आला की पुन्हा दहा मिनिटांत उठायचा. जेवताना मांडी घालून बसेना, एका कुशीवर रेलून बसायचा. कंबर धरायचा. मी विचारलं, "काय झाला तुना?"

"उनाली लागली," तो म्हणाला.

उन्हाळी म्हणजे आमच्याकडे लघवीची जळजळ, अंगात उष्णता वाढल्यावर होते ती. पण बाहेर थंडी पडलेली, आम्ही शेकोटीला बसलेलो. मी म्हटलं, "थंडीत कोणाला उनाली लागतं रे?" तो हसला नाही. सासूने मात्र लगेच औषध सुरू केलं. पहाटे झाडावरून उतरवलेली ताजी ताडी, भिजवलेला सब्जा, धन्याचं पाणी. "थंड पडलं पोट की जाल बरा," ती म्हणायची. चारोटीच्या मेडिकलमधून त्याने गोळ्याही आणल्या. दोन दिवस खाल्ल्या, बरं वाटलं, उरलेल्या गाडीच्या कप्प्यात ठेवून दिल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा दोन दिवस गोळ्या. दुसऱ्यांच्या घरी मी गोळ्या मोजून घ्यायला लावायचे आणि माझ्या घरातल्या अर्ध्या पाकिटाकडे माझं लक्षही गेलं नाही.

लक्ष गेलं ते भलतीकडेच. तो माझ्यापासून लांब झोपायला लागला. एकदा जवळ आला, पण नंतर गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाला, "नको." मला वाटलं, मीच नको. बाईला एकदा असं वाटलं की पुढचं सगळं ती आपोआप जुळवत जाते.

आणि माझ्याकडे जुळवायला शिकवण तयारच होती. त्याच्या आधीच्या वर्षी आमचं एक प्रशिक्षण झालं होतं, हायवेवरच्या आजारांचं. ट्रकवाले, ढाबे, रस्त्यालगत उभ्या राहणाऱ्या बाया. लघवीला जळजळ झाली, खाली दुखलं, ताप आला तर काय समजायचं, ते शिकवलं. मी पुढच्या रांगेत बसून सगळं वहीत उतरवून घेतलं होतं. आता ती वही काढली. जळजळ आहे. दुखतं आहे. नवरा गाडीवर आहे. चारोटीला तासन् तास उभा असतो. झालं, मी डॉक्टर आणि मीच न्यायाधीश.

त्याला सरळ विचारायला हवं होतं. अख्ख्या पाड्याला मी नको ते प्रश्न विचारत फिरायचे, पण नवऱ्याला एक प्रश्न विचारायला माझी जीभ उचलेना. तो "हो" म्हणाला तर काय, याची भीती वाटायची. मी त्याचा टॉवेल वेगळा केला. एक दिवस माझ्या पिशवीतलं निरोधचं पाकीट त्याच्या उशाखाली ठेवलं. त्याने ते पाहिलं, हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, आणि परत उशाखाली सरकवलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही म्हणून माझी खात्रीच पटली.

माघात मी स्वतःचं रक्त तपासायला गेले. तलासरीच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, म्हणून डहाणूला. सासूला सांगितलं मीटिंग आहे. तिथल्या बाईंनी रक्त घेतलं आणि परत कधी यायचं त्याची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर माझं नाव आणि वर कोपऱ्यात लाल फितीचं चिन्ह, एड्सचं. तेच चिन्ह चारोटीच्या नाक्यावर मोठ्या फलकावर रंगवलेलं होतं, येणाजाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असलेलं. चिठ्ठी मी पिशवीत, वहीच्या पुठ्ठ्यात ठेवली. आठवड्याने निकाल आणायला गेले. काही नव्हतं. बाई म्हणाल्या, "अगदी चांगलं आहे रक्त, काळजी करू नका." मला हायसं वाटलं, पण त्याच्याबद्दलचा राग तसूभरही कमी झाला नाही. उलट वाटलं, मी वाचले ते माझ्या नशिबाने, त्याच्या वागण्याने नव्हे. निकालाचा कागद घरी कोणाला सापडू नये म्हणून डहाणूच्या एसटी स्टँडवर त्याचे चार तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. पहिली चिठ्ठी मात्र पुठ्ठ्यातच राहिली. मी ती विसरूनही गेले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच नवऱ्याने मंगळवार धरला. आमच्याकडे महालक्ष्मीचे उपास बरेच जण करतात, पण ह्याने निर्जळी धरला. सूर्य बुडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. गाडीवर, उन्हात. सासूने विचारलं, "कशासाठी रे?"

"बोललंय आईला," एवढंच म्हणाला. आई म्हणजे देवी, तिला त्याने नवस बोलला होता.

सासू खूश झाली. मी चूल फुंकत होते, मनात म्हटलं, पाप केलंय, आता देवीच्या पाया पडतोय. पुढचे सगळे मंगळवार मी त्याच्याकडे अशाच नजरेने बघितलं. ओठ कोरडे पडलेले, डोळे ओढलेले, आणि मी मुद्दाम त्याच्यासमोर तांब्या उचलून घटाघटा पाणी प्यायचे. लिहिताना आज स्वतःचीच लाज वाटते, पण हे मी केलं आहे.

हळूहळू तो इतर दिवशीही पाणी टाळायला लागला. पाणी प्यायलं की जावं लागतं, गेलं की आग होते, म्हणून पाणीच नको. आग होते म्हणून लघवीही दाबून धरायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसतं दिसायचं की माणूस सुकत चाललाय.

चैत्र लागला. महालक्ष्मीची जत्रा जवळ आली होती, हायवेवर माणसांची रीघ सुरू होणार होती. मंगळवारी दुपारी मी लसीकरणाची यादी करत बसले होते. फोन वाजला. चारोटीहून दुसऱ्या एका पिकअपचा ड्रायव्हर बोलत होता. "वहिनी, लवकर या. भाऊ क्लच दाबू शकत नाय. अंग भाजतंय, थंडीने कुडकुडतोय."

शेअरच्या जीपने मी चारोटीला पोहोचले. तो गाडीच्या मागे, क्रेटच्या सावलीत आडवा पडला होता. चैत्राच्या उन्हात अंगावर ताडपत्री ओढलेली आणि दात वाजत होते. मला बघून म्हणाला, "सकाळपासून होत नाय. जातंय, उभा राहतंय, पन एक थेंब नाय." पोटाचा खालचा भाग हाताला दगडासारखा लागला. बाळंतपणात अडलेल्या बाया मी पाहिल्या होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं. तेव्हा माझा राग पहिल्यांदा डळमळला.

त्याच ड्रायव्हरने आम्हाला डहाणूला नेलं. प्रत्येक गतिरोधकावर नवरा दोन्ही हातांनी सीट धरून बूड वर उचलायचा, आणि आशागडच्या पुढे खड्डा आला तेव्हा लहान मुलासारखा ओरडला. एरवी दरवाज्यात बोट चिरडलं तरी आवाज न काढणारा माणूस. मी त्याचा हात धरला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

दवाखान्यात डॉक्टर वयस्कर होते, घाई न करणारे. आधी बारीक नळी घालून तुंबलेली लघवी काढली, तेव्हा त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी पोट, कंबर बघितली आणि म्हणाले, मागच्या जागेतून हलकेच तपासावं लागेल. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू हे सगळं मीच ठरवून आणलंय. डॉक्टर मला म्हणाले, "ताई, दोन मिनिटं बाहेर थांबा."

बाहेर म्हणजे हिरव्या पडद्यापलीकडे. पडद्याने दिसत नाही, ऐकू सगळं येतं.

डॉक्टरांनी तपासलं, तो कण्हला. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "एक विचारतो, खरं सांगायचं. सगळ्यांनाच विचारतो. बायकोशिवाय बाहेर कुठे संबंध आला होता?"

मी पडद्याच्या आणखी जवळ सरकले. दोन महिने ह्याच प्रश्नावर माझं घर अडलेलं होतं.

"नाय साहेब," तो म्हणाला. लगेच म्हणाला. अबोल माणसाचं खरं-खोटं बायकोला आवाजावरून कळतं. हे खरं होतं. मी पडद्याची कड मुठीत धरली.

आत डॉक्टरांनी हात धुतले. मग नवऱ्याचाच आवाज आला, तापाने जड झालेला. "साहेब, मी एक इचारू?"

"विचार ना."

"लस देताना कोणाला सुई टोचली, रोग्याची, तर त्या मानसाला तो आजार होतं का? ते लाल फितवाला? वाचतं का मानूस?"

"कोणाला टोचली?"

"बायको लसीकरनात असतं. तिची चिठी बघितली मी. ती सांगत नाय, आम्हाला भिववायचं नाय म्हनून. टॉवेल पन वेगला केला, मना लागू नये म्हनून." मग हळूच म्हणाला, "तिला बोलू नका मी इचारला."

मी पडद्यापलीकडे उभीच राहिले. लाल फितीची एकच चिठ्ठी. तीच फीत आठवून मी त्याच्याबद्दल हायवेवरच्या बाया चितारल्या. तीच फीत बघून त्याच्या मनात सुई आली. मी कुठे गेले असेन, कोणाबरोबर, हे त्याच्या डोक्याला शिवलंही नव्हतं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दोघांना समोर बसवून सांगितलं. म्हणजे मी बसले, तो कुशीवर पडला होता. "पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली एक गाठ असते, प्रोस्टेट. अक्रोडाएवढी." आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. आमच्या घरात अक्रोड कधी आलाच नव्हता. मीच म्हटलं, "कोवळ्या चिकूएवढी?" ते हसले, "हो, तसंच समजा. त्या गाठीच्या मधून लघवीची नळी जाते. गाठीला सूज आली की नळी दाबली जाते. म्हणून धार बारीक, सारखं जावंसं वाटतं, जळजळ, बसताना मधोमध दुखतं, कंबर धरते, बायकोजवळ गेल्यावरही दुखतं. सूज जोरात असली की थंडी वाजून ताप येतो आणि लघवी अडते. तुझं आज झालं तसं."

"पन झाला कशानं?" त्याने विचारलं.

"बहुतेक लघवीच्या वाटेने जंतू वर चढले. साधा संसर्ग होता, तू गोळ्या अर्ध्यावर सोडल्यास, तो दबून राहिला. त्यात पाणी कमी, लघवी धरून ठेवायची, म्हणजे जंतूंना बाहेर पडायला वाटच नाही. कधी कधी बाहेरच्या संबंधातूनही होतं, म्हणून विचारावं लागतं. आणि काही जणांना जंतू न सापडताही होतं, महिनोन् महिने दुखत राहतं. लाजण्यासारखं त्यात काहीही नाही. आता काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतील, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत. आणि पाणी भरपूर प्यायचं. आजपासून, आत्तापासून."

त्याला वॉर्डात हलवलं. सलाईन लागलं, इंजेक्शन दिलं, तासाभरात ताप उतरायला लागला. खिडकीतून तिरपं ऊन खाटेवर येत होतं. मी नळावरून तांब्या भरून आणला आणि त्याच्यासमोर धरला.

त्याने मान हलवली. "मंगलवार हाय."

"डॉक्टरांनी सांगितलाय."

"सूर्य बुडूं दे."

"कोणासाठी धरलास रे मंगलवार?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

तो छताकडे बघत राहिला. उत्तर देणार नव्हता. कधीच दिलं नसतं. मग मीच सांगितलं. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा ऐकतोय की नाही याचाही विचार केला नाही. मला सुई टोचली नाही, कधीच टोचली नव्हती. तुझ्या दुखण्यावर मी संशय घेतला. तुला हायवेवर कोणाकडून तरी लागलं असं समजले, ते मलाही लागलं असेल म्हणून रक्त तपासायला गेले. टॉवेल वेगळा केला तो तुझ्यापासून स्वतःला वाचवायला. उशाखाली पाकीट ठेवलं तेही त्यासाठीच. मी काही गाळलं नाही. दुसऱ्यांना सगळं खरं सांगा म्हणणारी बाई मी, एकदा तरी आपल्याच माणसाला सांगायला हवं होतं.

त्याने ऐकून घेतलं. मग सलाईनचा हात सांभाळत भिंतीकडे तोंड केलं. मी तांब्या घेऊन बसून राहिले. त्याची पाठ माझ्याकडे होती आणि त्या पाठीवर हात ठेवायची माझी हिंमत होईना. ज्या कागदाचे मी एसटी स्टँडवर तुकडे केले होते, तो कागद चांगला निघावा म्हणून हा माणूस नऊ मंगळवार कोरड्या घशाने गाडी चालवत राहिला. रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तरी मी गप्प ऐकलं असतं.

बराच वेळ गेला. ऊन खाटेवरून खाली फरशीवर उतरलं, पण अजून पुरतं गेलं नव्हतं. तोंड न वळवताच तो बोलला.

"मग रगत चांगला हाय ना तुजा?"

"चांगला हाय," मी म्हटलं. "तवाच चांगला निघाला. दोन महिने झाले."

तो हळूच माझ्याकडे वळला. डोळे लाल होते, ते तापाने की कशाने, मी विचारलं नाही. त्याने मोकळा हात पुढे केला.

"मग आईनं ऐकला माजा," तो म्हणाला. "दे पानी."